विमान ताफ्यातून काढताय? या चुका टाळा

कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात एअर इंडियाचं बोइंग ७३७-२०० तब्बल १३ वर्षं उभं होतं, आणि ते आपलं आहे हे कंपनीलाच ठाऊक नव्हतं. विमानतळाने ‘हे तुमचं, उचला’ म्हटल्यावर शोधाशोध झाली. आधी इंडियन एअरलाइन्स, मग अलायन्स एअर, मग मालवाहू होऊन टपाल खात्याच्या रंगात, असा प्रवास करून हे विमान २०१२ मध्ये थांबलं होतं. पुढे खासगीकरणाच्या गडबडीत ते वहीतूनच निसटलं. पार्किंगचं बिल कोटीच्या घरात गेलं. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये ४३ वर्षांचं ते धूड ट्रेलरवर चढवून बंगळुरूला नेलं, इंजिनिअरांना शिकायला म्हणून.

बातमी वाचून सगळे हसले. विमान परत करण्याच्या फायली ज्यांनी एकदा तरी हाताळल्यात, त्यांना हसू जरा बेतानेच आलं असेल. मी मुंबईत टेक्निकल रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे विमानांच्या कागदपत्रांत, बरीच वर्षं काढली. नवं विमान आलं की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, फोटोला अख्खं ऑफिस उभं राहतं. जुनं जातं तेव्हा हँगरमध्ये आम्ही चार माणसं आणि लेसरचा, म्हणजे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीचा, टॉर्चवाला इन्स्पेक्टर. ताफा बदलताना पैसे बुडतात ते बहुतेक या दुसऱ्या टोकाला.

चूक पहिली: वय वर्षांत मोजणं

‘विमान २० वर्षांचं झालं, काढा आता’ हे प्रवाशाने म्हटलं तर ठीक आहे. प्लॅनिंगवाल्याने म्हणू नये. प्रत्येक उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा वाढतो आणि उतरताना तो फरक कमी होतो. विमानाचं अंग फुग्यासारखं जरासं फुगतं, पुन्हा बसतं. धातू थकतो तो या फुगण्या-बसण्याने. त्यालाच सायकल म्हणतात.

साधा हिशोब करा. मुंबई–गोवा करणाऱ्या विमानाच्या दिवसाला ७ उड्डाणं धरली तर वर्षाला अडीच हजार सायकल होतात. मुंबई–न्यूयॉर्क करणारं विमान दिवसाला एकदाच उतरतं, म्हणजे वर्षाला साडेतीनशे. दोघांच्या जन्मदाखल्यावर एकच तारीख असली तरी अंगाने ती समवयस्क नाहीत.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण हवाईचं. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२०० चं पुढच्या केबिनवरचं छत उडत्या विमानातून उडून गेलं आणि एक हवाई सेविका त्याबरोबर बाहेर फेकली गेली. विमान १९ वर्षांचं, पण उड्डाणं झाली होती ८९,६८०. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या, त्यात समुद्राची खारी हवा. पत्र्यांच्या जोडांमध्ये गंज आणि भेगा दोन्ही शिरल्या होत्या. जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले ते त्यानंतर.

म्हणून यादी करताना प्रत्येक विमानापुढे चार रकाने हवेत: वर्षं, तास, सायकल आणि पुढचा मोठा चेक कधी. निर्णय बहुतेक वेळा चौथ्या रकान्यावर ठरतो. मोठ्या चेकमध्ये विमान अक्षरशः उघडं करतात, सीटा, पॅनेल, जमीन सगळं निघतं. तो खर्च करून वर्षभरात विमान काढणं म्हणजे घराला रंग देऊन भाडेकरूने दुसऱ्या दिवशी घर सोडण्यासारखं आहे. उलट, चेकच्या तोंडावर आलेलं विमान आधी काढलं तर दोन वर्षं धाकटं विमान वाचू शकतं.

चूक दुसरी: नवं विमान वेळेवर येईल असं धरून चालणं

ही चूक सगळे करतात, आणि सगळ्यात महाग हीच पडते.

एअर इंडियाने २००६ च्या सुरुवातीला बोइंगला ६८ विमानांची ऑर्डर दिली. त्यात २७ ड्रीमलायनर होती. ती २००८ पासून येणार होती, पहिलं आलं सप्टेंबर २०१२ मध्ये. तोवर जुन्या विमानांनीच गाडा ओढला. एअर इंडियाने ज्या ७७७एक्सची ऑर्डर दिली आहे, ते विमान मुळात २०२० मध्ये ग्राहकांच्या हाती पडायचं होतं. त्याचंही वेळापत्रक पुढे पुढेच सरकत आलंय.

विमान वेळेवर येऊनही उपयोग नाही, असंही होतं. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीने सांगितलं की एअरबसच्या नव्या ए३२०निओवरच्या त्यांच्या इंजिनांतल्या काही चकत्यांच्या धातूच्या भुकटीतच भेसळ आहे, तेव्हा इंजिनं उतरवून तपासावी लागतील. एका इंजिनाला २५० ते ३०० दिवस! २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं जमिनीवर होती. नवीकोरी विमानं इंजिनाविना उभी, आणि जी जुनी ए३२० परत द्यायची ठरली होती त्यांचीच लीज वाढवून घ्यायची धडपड. इंडिगोने सेकंडहँड विमानं भाड्याने घेतली. निओ इंधनात १५ टक्के वाचवतं हे खरंच आहे, पण उभं असलेलं विमान शंभर टक्के इंधन वाचवतं; त्याचा उपयोग कोणाला?

इंडिगोचं मला एक आवडतं. सुरुवातीपासून तिथे सेल अँड लीजबॅक चालतं: विमान घ्यायचं, लेसरला विकायचं, साधारण सहा वर्षांच्या भाड्याने चालवायचं आणि परत द्यायचं. त्यामुळे ताफा आपोआप तरुण राहतो. पण याच पद्धतीत परतीची तारीख करारात ठोकलेली असते. नव्याची तारीख मात्र निर्मात्याच्या मर्जीवर. या दोन तारखांच्या मध्ये प्लॅनिंगवाल्याचं डोकं अडकतं.

उपाय फार हुशारीचा नाही. करार करतानाच मुदतवाढीचा पर्याय लिहून घ्या, ६ महिने, १२ महिने, आधी ठरलेल्या भाड्यात. नंतर मागायला गेलात तर लेसरही बाजार बघतो, आणि विमानांचा तुटवडा असताना तो काय दर सांगेल ते सांगायला नको. दुसरं, जुन्या विमानाचा शेवटचा चेक अगदी काठावर आणू नका. थोडं आयुष्य शिल्लक ठेवा. हिशोबनीस ‘वाया गेलं’ म्हणतील, म्हणू द्या.

चूक तिसरी: कागद शेवटच्या महिन्यात शोधणं

इथे जरा थांबतो, कारण हे माझं घर आहे.

भाड्याचं विमान परत देताना लेसरचा माणूस विमान नंतर बघतो, कागद आधी. आयुष्य ठरलेल्या प्रत्येक भागाचा, म्हणजे इंजिनातल्या चकत्या, लँडिंग गिअरचे (चाकांच्या सांगाड्याचे) भाग यांचा, जन्मापासूनचा इतिहास त्याला लागतो. कुठल्या विमानावर होता, किती सायकल झाल्या, कोणी काढला, कोणी लावला. नुसता कॉम्प्युटरचा तक्ता चालत नाही. ज्यावर मेकॅनिकने सही केली तो मूळ कागद हवा, आमच्या भाषेत ‘डर्टी फिंगरप्रिंट’. ग्रीसचा डाग असला तर उत्तमच. साखळीतली एक कडी जरी नसली तरी तो भाग चालू असून मेल्यात जमा.

एका कंपनीत आमचं एक विमान याच कारणाने अडकलं. नोज गिअरच्या (पुढच्या चाकांच्या गिअरच्या) इतिहासात तीन महिने गायब. गिअर ठणठणीत, इन्स्पेक्टरही मान्य करत होता, पण सही करेना. दिवसाचं भाडं चालू. आम्ही त्या विमानाची सगळी खोकी तीनदा उपसली. वाळवी लागलेले कागद, चहाच्या कपाचे गोल, २००० सालचा कोणाचातरी रजेचा अर्ज सापडला, गिअरचं कार्ड काही सापडेना. एकोणिसाव्या दिवशी स्टोअरमधून निवृत्त झालेल्या एका काकांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, ते गिअर रॉब केलं होतं रे. दुसऱ्या विमानाचं काढून ह्याला लावलं. त्याच्या खोक्यात बघ.”

कार्ड तिथेच होतं.

रॉब करणं म्हणजे एका उभ्या विमानाचा भाग काढून दुसऱ्याला उडवणं. सगळ्याच हँगरमध्ये चालतं, रात्री दोन वाजता पहाटेची फ्लाइट वाचवायची तर दुसरा इलाजही नसतो. अडचण इतकीच की भाग रात्री जातो आणि कागद सकाळी जायचा राहतो. म्हणून परतीच्या दीड वर्ष आधी रेकॉर्ड्सचा ऑडिट सुरू करा, आणि ‘रॉब’ची वेगळी नोंदवही ठेवा. विमान कोणाचं, भाग कुठला, कागद कुठे.

चूक चौथी: नको झालं म्हणून विकून मोकळं होणं

एअर इंडियाने २००६ च्या त्याच ऑर्डरमधून आठ ७७७-२००एलआर घेतली होती. हे विमान थांबा न घेता अतिलांब जाण्यासाठी बनवलेलं. त्याला त्याहून जवळच्या मार्गांवर चालवलं की जड अंगाचा नुसता इंधनखर्च. शिवाय खरेदी जवळजवळ सगळी कर्जावर झाली होती, कॅगने त्यावर पुढे कडक ताशेरे ओढले. शेवटी आठातली पाच विमानं अबू धाबीच्या एतिहाद एअरवेजला विकून टाकली.

मग मालक बदलला, अमेरिकेला थेट उड्डाणं वाढवायची ठरली, आणि एअर इंडियाने २०२२ मध्ये काय भाड्याने घेतलं? पाच ७७७-२००एलआर. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने २०२० मध्ये कोविडच्या काळात काढून टाकलेली. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सुरू झालं ते याच जातीच्या विमानाने.

विकणं तेव्हा चूक होतं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. कंपनीला रोख हवी होती. मला मूळ चूक विक्रीत दिसत नाही, खरेदीत दिसते. विमान मार्गासाठी घ्यायचं असतं. इथे विमान आधी आलं आणि मार्ग मागून शोधला.

कोविडमध्ये घाई अनेकांनी केली. लुफ्तान्साने ए३८० कायमची गेली असं धरून स्पेनमधल्या तेरुएलला नेऊन ठेवली. जून २०२२ मध्ये ती परत आणायचं जाहीर केलं आणि २०२३ च्या उन्हाळ्यात ती म्युनिकहून पुन्हा उडू लागली. परत आणता आली कारण मोडली नव्हती. उलटं उदाहरणही याच विमानाचं. सिंगापूर एअरलाइन्सचं जगातलं पहिलं प्रवासी ए३८० भाडेकरार संपल्यावर १० वर्षांतच रिकामं झालं, दुसरा ग्राहक मिळेना, आणि शेवटी फ्रान्समध्ये तार्बला ते भागांसाठी फोडलं गेलं. फारच थोड्या कंपन्या चालवू शकतील अशा विमानाला दुसरं घर नसतं, हे घेतानाच कळायला हवं.

चूक पाचवी: “उभं करून ठेवू, मग बघू”

उभं विमान फुकट नसतं. इंजिनात ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, नळ्यांना झाकणं, चाकं ठराविक दिवसांनी फिरवणं, टाक्यांत बुरशी धरू न देणं, हे सगळं चालूच ठेवावं लागतं. पक्षी घरटी करतात, गांधीलमाश्या वेगमापक नळीत माती भरतात. विमानं तेरुएल किंवा कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलसारख्या कोरड्या जागी नेतात त्याचं कारण हवा. मुंबईत एक पावसाळा उघड्यावर काढलेलं विमान म्हणजे कोकणातल्या गेटची बिजागरी समजा.

नागपूरकरांना याचा वेगळाच अनुभव आहे. १९९१ मध्ये एक बोइंग ७२० तिथे बिघाडामुळे उतरलं ते पुन्हा उडालंच नाही. धावपट्टीजवळ २४ वर्षं उभं. २०१५ मध्ये ते ओढून बाजूला केलं.

एअर इंडियाच्या ७४७ चंही बघा. शेवटचं प्रवासी उड्डाण २०२१ मध्ये झालं. शेवटच्या ‘आग्रा’ने २२ एप्रिल २०२४ ला मुंबई सोडली, जाताना पंख हलवून निरोप घेतला. ज्यांनी १९७१ पासून जम्बो बघितलं होतं त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मधली तीन वर्षं मी मोजली.

जुन्या विमानाची बहुतेक किंमत इंजिनांत असते, मग एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन), लँडिंग गिअर, इलेक्ट्रॉनिक्स. अंगाचा पत्रा भंगारच्या भावाने जातो. त्यामुळे उभं करायच्या दिवशीच ठरवा: पुन्हा उडणार, मालवाहू होणार, की फुटणार. फुटणार असेल तर इंजिनं उतरवायला महिने घालवू नका. मागणी असते तेव्हाच विका.

बाकीच्या चुका लहान, पण टोचणाऱ्या. विमान गेलं तरी त्याचे स्पेअर गोदामात वर्षानुवर्षं पडून राहतात. वैमानिकांचं नव्या प्रकारावरचं प्रशिक्षण नवं विमान दारात आल्यावर आठवतं. आणि कंपनीच बसली तर? गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लेसरना आपलीच ५४ विमानं सोडवायला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या आदेशापर्यंत थांबावं लागलं. २०२५ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला.

आत्ताच अडकला असाल तर

परतीला सहा महिने उरलेत आणि काहीच तयार नाही? आधी इंजिनांची बोरोस्कोप तपासणी (नळीतून कॅमेरा आत घालून) करून घ्या, कारण मोठं बिल तिथेच लपलेलं असतं. मग आयुष्य ठरलेल्या भागांची यादी काढा आणि ज्यांचा इतिहास तुटलाय तेवढ्यांच्याच मागे लागा. सगळी खोकी एकदम उघडू नका. लेसरच्या इन्स्पेक्टरला आत्ताच बोलवा, शेवटी नको. त्याला त्रुटी आपण दाखवल्या तर तो पैशांवर तडजोड करतो. त्यानेच शोधल्या तर विमान हलत नाही. निवृत्त काकांचे फोन नंबर जपून ठेवा.

आणि वर्षातून एकदा प्रत्येक स्टेशनला एक मेल टाका: तुमच्या विमानतळावर आपल्या नावाचं जे जे उभं आहे, त्याचा शेपटीवरच्या नंबरासकट फोटो पाठवा. कोलकात्याहूनसुद्धा.