आर्किटेक्चर-इंजिनिअरिंगच्या कार्यालयात स्त्रियांचं स्थान कसं मोजायचं

आधी यादी नीट करा. हिशेब, मनुष्यबळ, स्वागतकक्ष ही माणसं वगळा; फक्त तांत्रिक पदं धरा. ती मिसळली की टक्केवारी फुगते आणि पुढचं सगळं चुकतं.

मग यादी हुद्द्यांप्रमाणे फोडा. समजा ४० जणांत १२ स्त्रिया आहेत, म्हणजे ३० टक्के. आकडा बरा वाटतो. पण कनिष्ठ १६ पैकी ८, मधल्या फळीत १४ पैकी ३, वरिष्ठ ८ पैकी १ आणि भागीदार २ पैकी एकही नाही, असं चित्र निघालं तर? त्यावरून लगेच ‘बढती अडते’ असं म्हणू नका. पूर्वी स्त्रियांची भरतीच कमी झाली असेल, तरी तक्ता असाच दिसतो. म्हणून गेल्या दहा वर्षांत रुजू झालेल्या प्रत्येकाची नोंद काढा: कधी आले, पहिली बढती किती महिन्यांनी मिळाली, कधी सोडलं. बाळंतपणाच्या रजेचे महिने कामाच्या काळातून वजा करा, नाहीतर स्त्रीची प्रगती मुळात नसलेल्या कारणाने संथ दिसते. गट दहापेक्षा लहान असेल तर टक्के न लिहिता माणसं मोजा. आठपैकी एक गेली तरी साडेबारा टक्के घट दिसते.

सर्वांत जास्त वेळ साइटच्या नोंदींना द्या. बऱ्याच ठिकाणी वरिष्ठपदासाठी साइटचा अनुभव लागतो, आणि ‘तिला त्रास नको’ म्हणून तिला ड्रॉइंग आणि पत्रव्यवहारात ठेवलं जातं. चार वर्षांनी तोच अनुभव नाही म्हणून बढती नाकारतात. हेतू चांगला असला तरी नुकसान तिचंच होतं. साइटचे दिवस स्त्री-पुरुष वेगळे मोजा आणि साइटवर स्वतः जाऊन पाहा: कडी लागणारं, पाणी असलेलं स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का? सेफ्टी शूज आणि हातमोजे लहान मापात आहेत का? सैल बूट शिडीवर घसरतो. हार्नेसचे, म्हणजे उंचीवर काम करताना अंगावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांचे, मांडीचे पट्टे ढिले राहिले तर पडताना शरीर नीट पेललं जात नाही. माप मागवणं हे खरेदी विभागाचं काम आहे, तिने मागत बसायचं नाही.

यानंतर शेवटची १०० ड्रॉइंग काढा आणि टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगवरची माहितीची चौकट, वाचा. ‘काढलं’, ‘तपासलं’, ‘मंजूर’ या रकान्यांत कुणाची आद्याक्षरं आहेत? स्त्रियांची नावं पहिल्याच रकान्यात साचली असतील, तर निर्णयाचा अधिकार कुठे आहे ते कळलं. श्रेय गळण्याची ही सवय वरपर्यंत जाते. वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झ्कर पारितोषिक १९९१ साली वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंच्युरी यांना एकट्यांना मिळालं. त्यांच्या पत्नी आणि कामातल्या भागीदार डेनिस स्कॉट ब्राउन यांना त्यात वाटा नव्हता. एखाद्या स्त्रीला ते पहिल्यांदा मिळालं २००४ साली, झाहा हदीद यांना.

पगार त्याच हुद्द्यात, तेवढ्याच अनुभवाच्या लोकांत ताडून पाहा. सरासरीऐवजी मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा) घ्या, कारण एकाच मोठ्या पगाराने सरासरी वर ओढली जाते. अहवाल सर्वांना दाखवताना पाचपेक्षा कमी जणांचे गट एकत्र करा, नाहीतर कुणाचा पगार किती हे उघड होतं.