आयकेएस इंजिनिअरिंगच्या वर्गात आणायचं कसं? मास्तर लोकांसाठी

नवीन शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून आयकेएस, म्हणजे भारतीय ज्ञान परंपरा, कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला येऊन बसलीये आणि बऱ्याचदा ज्याचा लोड भरत नाही त्याच्या गळ्यात पडते. मग काय, पीपीटी, लोहस्तंभ, शून्याचा शोध, टाळ्या, संपलं. पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघतात आणि त्यांचं काही चुकत नाही. माझं म्हणणं एवढंच की अभिमानाचा वेगळा तास घेऊ नका, तुम्ही जे युनिट शिकवताय त्यातच घुसवा, आणि जे मोजून बघता येतं तेच घ्या.

सिव्हिलवाल्यांनी चुन्यापासून सुरुवात करा. बऱ्याच किल्ल्यांवर चुन्याची घाणी दिसते, पोरांनी ट्रेकला फोटोही काढलेला असतो. लॅबमध्ये चुना-वाळूचे क्यूब पाडा, काही साधे, काही गुळाच्या पाण्यातले, काही हिरड्याच्या, बाकी सगळं सेम ठेवा. कळीचा चुना पाण्यात विरवताना अक्षरशः उकळतो, त्यामुळे गॉगल-ग्लोव्हजशिवाय कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. दुसऱ्याच दिवशी साचा खोलू नका, कोपरे तुटतात. आणि सिमेंटच्या सवयीने क्युरिंगच्या टाकीत तर अजिबात टाकू नका, साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पाण्यात बुडवला तर त्याला तो मिळणार कुठून? महिन्याभराने क्यूब फोडून फिनॉल्फ्थॅलीन मारा, म्हणजे कच्च्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन, फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असतंच. आतला भाग गुलाबी होतो, म्हणजे तिथला चुना अजून कच्चा, बाहेरची कड रंग घेत नाही. कार्बोनेशन डोळ्यांनी दिसतं!

मशिनवर स्ट्रेंथ सिमेंटपेक्षा खूपच कमी येणार आणि कोणीतरी म्हणणारच, सर हे तर फालतू आहे. तिथेच खरा तास सुरू होतो. मग जाड भिंती का बांधायचे, जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आत का अडकते, हे त्यांनाच शोधू द्या.

चुन्यात काम केलेला एखादा जुना गवंडी मिळाला तर त्याला जरूर बोलवा, पण पाहुणे प्राध्यापकाला देता तेवढंच मानधन द्या. अकाउंट्सवाले पदवी विचारतील, भांडावं लागेल, भांडा.

कॉम्प्युटरवाल्यांना न्युमेरिकल मेथड्समध्ये छान जागा आहे. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी बांधायच्या भूमितीवरच्या जुन्या ग्रंथात, २ चं वर्गमूळ असं दिलंय: १ मध्ये त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. उत्तर ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५७, खरं १.४१४२१३६. आता पोरांना न्यूटन-रॅफसन, म्हणजे अंदाज फेरीफेरीने सुधारत नेणारी पद्धत, १.५ पासून चालवायला सांगा, पहिल्या फेरीत १७/१२ येतं आणि दुसऱ्या फेरीत बरोब्बर ५७७/४०८. वर्गात एकदम शांतता होते. पण लगेच सांगा की म्हणून बौधायनाला न्यूटनची पद्धत माहीत होती असं सिद्ध होत नाही, उत्तर एक आलं म्हणून रस्ता एकच होता असं नसतं.

पुण्याच्या आसपास असाल तर हायड्रॉलिक्सला कात्रजचा नळ घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं ते निव्वळ उतारावर, पंप नाही काही नाही, वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला उंच बांधकामं, बांधलेले. लेव्हल्स काढून उतार पोरांनाच काढू द्या.

आणि हो, कोणीतरी पुष्पक विमान काढणारच. हसू नका, झापू पण नका. १९७४ मध्ये बंगळुरूच्या आयआयएस्सीतल्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) लोकांनी वैमानिक शास्त्र या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या विमानविद्येच्या ग्रंथाची तपासणी केली होती, ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष निघाला. त्याच पोराला तो पेपर वाचून सेमिनार द्यायला लावा.

मार्क देताना फक्त एक बघा, पाठांतराचा प्रश्न काढू नका. "चुन्याचे फायदे लिहा" विचारलंत की गाईड छापून येतंच, त्यापेक्षा त्यांच्याच क्यूबचं रीडिंग समोर ठेवा आणि असं का आलं ते विचारा.