सबस्क्रिप्शनच्या आधी लॉगिन मागताय? रिव्ह्यूत अडकवणाऱ्या या चुका टाळा

ॲप तयार, टेस्टिंग झालेलं, पेवॉल (पैसे भरायला सांगणारी स्क्रीन) छान दिसतोय, आणि ॲपलच्या रिव्ह्यूतून, म्हणजे ॲप स्टोअरवर येण्याआधीच्या तपासणीतून, उत्तर येतं की जी खरेदी अकाउंटशी जोडलेली नाही त्यासाठी तुम्ही युजरला रजिस्टर करायला लावताय, म्हणून रिजेक्ट. नियम ॲपलच्या रिव्ह्यू नियमावलीतला, ५.१.१ चा आहे. ज्या ॲपमध्ये अकाउंटवर चालणारं महत्त्वाचं असं काही नाही, ते लॉगिनशिवाय वापरता आलं पाहिजे, इतकं साधं ते म्हणणं आहे. बऱ्याच टीम अँड्रॉइडचा फ्लो आधी बनवतात, तिकडे लॉगिन आधी आणि खरेदी नंतर असं चालून जातं, मग तोच फ्लो जसाच्या तसा आयओएसवर आणतात आणि इथे अडकतात.

मुळात गोंधळ असा की आपण समजतो सबस्क्रिप्शन आपल्या अकाउंटचं आहे. नाही. पैसे स्टोअरने घेतलेत, रिन्यू स्टोअर करणार, कॅन्सलही तिकडेच होणार, म्हणजे ती खरेदी युजरच्या ॲपल आयडीची किंवा गूगल अकाउंटची आहे. आपलं लॉगिन ही तिच्यावर नंतर लावायची चिठ्ठी. एवढं डोक्यात बसलं की खालच्या बहुतेक चुका होतच नाहीत.

"आमच्या ॲपला लॉगिन लागतंच"

खरंच लागतं का, हे आधी नीट बघा. फोटो फिल्टर, स्कॅनर, झोपेसाठीचे आवाज, जाहिराती काढणं, यातलं काहीही युजर कोण आहे हे माहीत नसताना चालतं. चॅट, टीमने मिळून वापरायच्या नोट्स, शिक्षकाने तपासायचा गृहपाठ, इथे माणूस ओळखल्याशिवाय काम होत नाही, तिथे लॉगिन मागा, हरकत नाही. अडचण मधल्या ॲप्सची असते. समजा सवयी नोंदवायचं ॲप आहे आणि त्यात सिंक (नोंदी सगळ्या डिव्हाइसवर सारख्या ठेवणं) पण आहे, तर सिंकला लॉगिन लागेल पण नोंदी, आलेख, रिमाइंडर याला लागत नाही, मग पूर्ण प्रीमियमला लॉगिनच्या मागे ठेवायचं कारण काय? सिंकचं बटण दाबल्यावर लॉगिन मागा.

यावर हमखास येणारा युक्तिवाद म्हणजे, नियम ३.१.२ सांगतो की सबस्क्रिप्शन युजरच्या सगळ्या डिव्हाइसवर चाललं पाहिजे, मग लॉगिन नको का? हे उत्तर पाठवू नका. त्या कारणासाठी रजिस्ट्रेशनची सक्ती करता येत नाही, ते ऐच्छिकच ठेवायचं, असं रिव्ह्यूतून येणाऱ्या उत्तरात लिहिलेलं असतं. त्याच ॲपल आयडीच्या दुसऱ्या आयफोनवर रिस्टोअर (आधीची खरेदी परत आणणं) केलं की खरेदी मिळतेच. लॉगिनचा खरा फायदा आयफोनवर घेतलेलं अँड्रॉइडवर किंवा वेबवर वापरायला होतो, तो खरेदीनंतर एका ओळीत सांगा आणि "नंतर बघू" असं बटण द्या.

स्किप बटण दिलं तरी रिजेक्ट

हे बघून लोक खरंच वैतागतात. पहिल्या स्क्रीनवर स्किप आहे, होम उघडतं, सगळं फिरता येतं, पण पेवॉलवर "सुरू करा" दाबलं की पुन्हा लॉगिन. रिव्ह्यू करणारा नेमकं तेच बटण दाबणार. उलटी चूक पण तितकीच होते, पैसे भरून झाल्यावर लॉगिनची स्क्रीन येते आणि तिला बंद करायची सोयच नसते. पैसे घेतलेत आणि माणूस दाराबाहेर उभा आहे, हे रिव्ह्यू सोडा, युजरच्या दृष्टीनेच वाईट आहे.

मग सर्व्हरला कळणार कसं?

इथेच खरं काम आहे, म्हणून जरा सविस्तर. स्टोअरकिट २, म्हणजे ॲपमधल्या खरेदीसाठीची ॲपलची लायब्ररी, २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर आली, त्यात करंट एन्टायटलमेंट्स (चालू खरेद्यांची यादी) विचारलं की या ॲपल आयडीवर आत्ता काय चालू आहे ते फोनवरच कळतं, त्या उत्तरावरची ॲपलची डिजिटल सही तपासून फीचर उघडा, सर्व्हरची वाट बघायची गरज नाही. सर्व्हरला नोंद हवीच असेल तर ॲप पहिल्यांदा उघडताना एक यूयूआयडी (कुणाशी न जुळणारा ओळख क्रमांक) बनवा, कीचेनमध्ये (आयफोनच्या सुरक्षित साठ्यात) ठेवा आणि खरेदी करताना ॲप अकाउंट टोकन म्हणून, म्हणजे खरेदीला चिकटणारी तुमची खूण म्हणून, तोच द्या. पुढे युजरने लॉगिन केलं की तो यूयूआयडी त्याच्या अकाउंटला जोडून टाका. पण त्या यूयूआयडीवरच सगळा भरवसा ठेवू नका, नवीन फोनवर तो नसेलही. सर्व्हरच्या डेटाबेस टेबलची मुख्य किल्ली ओरिजिनल ट्रान्झॅक्शन आयडी (पहिल्या खरेदीचा क्रमांक) ठेवा, तो रिन्यू होत राहिलं तरी बदलत नाही.

अँड्रॉइडवर खरेदीला अशी खूण लावायचं काम ऑब्फस्केटेड अकाउंट आयडी (ओळख झाकलेला आयडी) करतो, ६४ अक्षरांपर्यंत. त्यात ईमेल उघडा टाकू नका, गूगल प्ले अशा खरेद्या अडवतं. आणि एक बग लक्षात ठेवा, कारण तो लवकर सापडत नाही: खरेदी ३ दिवसांत ॲकनॉलेज केली नाही, म्हणजे मिळाल्याचं गूगलला कळवलं नाही, तर पैसे आपोआप परत जातात. काही टीम ॲकनॉलेज सर्व्हरवरून करतात आणि सर्व्हर लॉगिन झाल्याशिवाय काही करत नाही, म्हणजे युजरने पैसे भरले, लॉगिन पुढे ढकललं, आणि चौथ्या दिवशी प्रीमियम गायब. ॲकनॉलेजचा लॉगिनशी संबंधच ठेवू नका.

एक फोन, दोन अकाउंट

गेस्ट म्हणून घेतलं, मग एका ईमेलने लॉगिन केलं, मग लॉगआउट करून दुसऱ्याने. स्टोअर म्हणतं सबस्क्रिप्शन चालू आहे, तुमचा सर्व्हर म्हणतो या अकाउंटला काही नाही, युजर परत घ्यायला जातो तर आधीच घेतलंय असा मेसेज. रिव्ह्यूत पण हे होऊ शकतं, आधी गेस्टने खरेदी आणि नंतर डेमो अकाउंट, आणि मग ॲप तुटलेलं आहे म्हणून ॲपलच्या नियम २.१ खाली परत. धोरण आधीच ठरवा, नव्या अकाउंटकडे हलवायचं की जुन्याकडेच ठेवायचं. साध्या ॲपला मी हलवण्याच्या बाजूने आहे, कारण खरेदी त्याच माणसाच्या स्टोअर अकाउंटची असते. जुन्याकडेच ठेवणार असाल तर निदान स्पष्ट लिहा की हे सबस्क्रिप्शन दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे आणि आता काय करायचं. नुसतं "काहीतरी चुकलं" नको.

रिस्टोअरचं बटण लॉगिनशिवाय दिसलं पाहिजे, पेवॉलवरच. ते दाबल्यावरच स्टोअरकिटचं सिंक (खरेद्या ॲप स्टोअरशी पुन्हा जुळवणारं फंक्शन, वरचं नोंदींचं सिंक नव्हे) बोलवा, ॲप उघडताना बोलवलं तर युजरला ॲपल आयडीचा पासवर्ड विचारला जाऊ शकतो.

रिव्ह्यूत खरेदी फेल, आपल्याकडे मात्र चालते

रिव्ह्यू सँडबॉक्समध्ये, म्हणजे खरे पैसे न कापणाऱ्या चाचणीच्या वातावरणात, होतो आणि तुमचा लाइव्ह सर्व्हर सँडबॉक्सची खरेदी नाकारतो, बहुतेक वेळा कारण हेच. जुन्या व्हेरिफाय रिसीटवर (पावती ॲपलच्या सर्व्हरकडून तपासायची पद्धत) असाल तर आधी प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या खरेदीच्या सर्व्हरला विचारा, २१००७ (पावती सँडबॉक्सची आहे असा कोड) आलं तर सँडबॉक्सला. नवीन पद्धतीत ट्रान्झॅक्शनमध्येच एन्व्हायर्नमेंट (सँडबॉक्स की प्रॉडक्शन) लिहिलेलं असतं, दोन्ही स्वीकारा. आणि सँडबॉक्समध्ये महिना ५ मिनिटांचा, वर्ष १ तासाचं असतं, त्यामुळे टेस्ट करताना प्रीमियम मध्येच गेलं तर आधी घड्याळ बघा, मग कोड. नवीन ॲपचं पहिलं सबस्क्रिप्शन बिल्डसोबतच (तपासायला पाठवलेल्या ॲपच्या आवृत्तीसोबतच) रिव्ह्यूला जोडायचं असतं, हे राहिलं तर पेवॉल रिकामाच दिसू शकतो.

अकाउंट बनवता येत असेल तर ॲपमधूनच डिलीट पण करता आलं पाहिजे, ॲपलकडे हे ३० जून २०२२ पासून लागू आहे, गूगल प्लेला त्याशिवाय वेबची लिंकही लागते. डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन कॅन्सल होत नाही, हे त्याच स्क्रीनवर ठळक सांगा आणि कॅन्सल करायची लिंक द्या, नाहीतर अकाउंट गेलं आणि पैसे कापले जातायत अशी तक्रार येते, आणि ती रास्त असते. गूगल किंवा फेसबुक लॉगिन ठेवलंत तर ॲपलच्या नियम ४.८ प्रमाणे ईमेल लपवू देणारा एक पर्याय लागतो, साइन इन विथ ॲपलने ते भागतं.

लॉगिन ऐच्छिक केलं तरी डेमो अकाउंट द्याच. एक सबस्क्रिप्शन असलेलं, एक नसलेलं, आणि ओटीपी येत असेल तर त्या अकाउंटला ठरलेला कोड ठेवा, रिव्ह्यू करणाऱ्याकडे तुमचा फोन नाही. गूगलच्या प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरच्या पॅनेलमध्ये) हे ॲप ॲक्सेस विभागात भरायचं असतं. ॲपलच्या रिव्ह्यू नोट्समध्ये मोजकंच पण नेमकं लिहा: खरेदीला लॉगिन लागत नाही, पेवॉल सेटिंग्जमधल्या प्रीमियमवर आहे, रिस्टोअर तिथेच खाली आहे, लॉगिन फक्त सिंकसाठी मागतो. आणि लॉगिन खरंच लागत असेल तर कोणत्या फीचरला, का, आणि ते कोणत्या स्क्रीनवर दिसेल, हे पाठवायच्या आधीच लिहून ठेवा.