स्टोरेज फुल, भिजलेला फोन आणि ‘शास्त्रज्ञांचा दावा’: या चुका टाळा

स्क्रीनवर चार ओळींचा मेसेज येतो, आपण पहिली ओळ वाचतो आणि लगेच बोट चालवतो. फोन असो, कॉम्प्युटर असो की विज्ञानाची बातमी, नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. सांगलीत ओळखीपाळखीतले लोक ‘जरा बघ ना’ म्हणून फोन हातात देतात, तेव्हा खरा बिघाड क्वचितच निघतो. कुणीतरी सांगितलेल्या अर्धवट माहितीवर केलेला उपाय मात्र बऱ्याचदा निघतो. वारंवार दिसणाऱ्या अशा काही चुका इथे लिहितोय.

जागा संपली म्हणून फोटो उडवणं

विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू घाबऱ्या होऊन आल्या. नातवाच्या बारशाचे फोटो गेले होते.

“गूगलवर सगळे फोटो आपोआप जातात, असं तूच म्हणाला होतास ना? मग फोनमधले काढून टाकले. आता गूगलवरचेपण दिसत नाहीत.”

“काकू, कुठल्या ॲपमधून काढले?”

“त्याच. रंगीत भिरभिऱ्याच्या.”

घोळ तिथेच होता. भिरभिऱ्याचं चिन्ह असलेल्या गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल, तर तिथून डिलीट केलेला फोटो फोनमधूनही जातो आणि गूगलच्या खात्यातूनही जातो. डिलीट करताना तसा मेसेज स्क्रीनवर येतो, पण तो वाचतंय कोण! काकूंचे फोटो परत मिळाले, कारण बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. बॅकअप न झालेला ३० दिवसच राहतो, आणि ट्रॅश रिकामा केला की दोन्ही कायमचे जातात.

फोनमधली जागा मोकळी करायची पण गूगलवरची प्रत ठेवायची, तर त्यासाठी वेगळा पर्याय आहे. ॲपमध्ये वर उजवीकडे आपल्या प्रोफाइलवर टिचकी मारा, ‘फ्री अप स्पेस’ दिसेल. बॅकअप झालेले फोटोच तो फोनमधून काढतो. त्याआधी बॅकअप खरंच पूर्ण झालाय का, तेही तिथेच बघा.

गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात वाटलेली आहे. १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच धरला जाऊ लागला. ही जागा भरली की जीमेलवर नवा मेल येणं थांबतं. बँकेचा मेल येत नाही म्हणून लोक बँकेत खेटे घालतात आणि कारण असतं व्हॉट्सॲपवर साठलेले शुभ सकाळचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’मधून ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. घरच्या फोटोंना हात लावण्याआधी सुरुवात तिथून करा.

बॅटरीबद्दलचे जुने सल्ले

‘बॅटरी पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही, उलट दर वेळी शून्यापर्यंत उतरवणं तिला सोसत नाही. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवलेली बॅटरी जास्त टिकते. बऱ्याच नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती वापरावी. लांबच्या प्रवासाला निघताना १०० टक्के केली म्हणून काही बिघडत नाही.

तिचा खरा शत्रू उष्णता. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा म्हणते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा त्याच्या सहज वर जातो. मिरज रोडने भर उन्हात गाडीच्या हँडलला लावलेला फोन, त्यावर मॅप चालू, वर चार्जिंगही चालू, म्हणजे तिहेरी ताप. त्यातच मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची कामगिरी बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. रस्ता आवाजात ऐका आणि फोन खिशात ठेवा.

मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन कडेने वर आलीय असं दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. तो फोन दाबून बसवायचा नाही, चार्ज करायचा नाही, उशीजवळ ठेवायचा नाही. दुकानात नेऊन बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात चेपली गेली की ती पेट घेऊ शकते.

तांदळात फोन

फोन भिजला की आपल्याकडे पहिला हात तांदळाच्या डब्याकडे जातो. हे करू नका. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. त्याचं पीठ आणि बारीक कण मात्र चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतात. दुरुस्तीच्या दुकानात असा फोन भिंगाखाली बघायला मिळाला तर जरूर बघा: खाचेच्या तळाशी पांढरा लगदा घट्ट बसलेला असतो आणि त्याच्याखाली पितळी रंगाच्या पिना हिरवट पडलेल्या असतात. ॲपलनेही आपल्या मदतीच्या पानावर तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय.

काय करायचं? चार्जर लावलेला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करून तो काढा. फोन बंद करा. चार्जिंगची खाच खाली धरून तळहातावर हलकेच आपटा. मग पंख्याच्या वाऱ्यात, कोरड्या जागी ठेवून द्या. हेअर ड्रायर नको, खाचेत कापसाची काडी किंवा कागदही घालायचा नाही. पाणी नुसतं खाचेत गेलं असेल तर अर्ध्या तासात काम होतं, कधी पूर्ण एक दिवस लागतो. तोवर चार्जिंग नाही. ओल्या पिनांतून वीज गेली की त्या झिजतात, आणि खर्च वाढतो तो तिथूनच.

‘आमचा फोन वॉटरप्रूफ आहे’ या भरवशावरही राहू नका. आयपी ६८ हा शिक्का प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, ठरावीक खोलीपर्यंत आणि ठरावीक वेळेसाठी केलेल्या चाचणीचा असतो. साबणाचं पाणी, आंघोळीच्या वेळची वाफ किंवा कृष्णेचं गढूळ पाणी त्या चाचणीत नसतं. फोन दोनतीनदा पडला किंवा स्क्रीन बदलली की आतलं सील पहिल्यासारखं राहील याची खात्री नसते. शिवाय पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुधा धरत नाहीत. ते ओळखायला आत एक छोटी पट्टी असते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो.

अपडेटची भीती

१९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ, बँका, दवाखाने अडकले आणि आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, तेव्हापासून ‘अपडेट केलं की कॉम्प्युटर बसतो’ हे वाक्य सांगलीच्या पेठेतसुद्धा ऐकू येतं. त्या दिवशी चूक होती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलची. सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले, पण ते क्राउडस्ट्राइक बसवलेले, म्हणजे मुख्यतः मोठ्या संस्थांचे. घरच्या लॅपटॉपचा त्याच्याशी संबंध नव्हता.

याच्या उलट उदाहरण मे २०१७ चं. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं ते वाचले. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या तर मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यातला इलाज आपल्या हातातला होता.

म्हणून पतसंस्था, सीएंची ऑफिसं, गणपती पेठेतली दुकानं यांना कळकळीने सांगणं आहे: विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षेची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणत त्यावर ग्राहकांचे हिशेब ठेवू नका. कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो का, ते तपासून घ्या. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. कधी ती असूनही बंद ठेवलेली असते आणि सेटिंगमधून चालू करता येते, त्यामुळे कुणी नवा कॉम्प्युटर घ्या म्हटलं तर आधी हे विचारा. अपडेट करण्याआधी टॅलीचा डेटा वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क असल्या व्हायरसच्या तावडीत कॉम्प्युटरबरोबरच सापडते.

आणि अपडेट घ्यायचं ते सेटिंग्जमधूनच. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल उघडायची नाही. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

बातमीतली गळालेली अर्धी ओळ

२००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर. तेव्हा एक ईमेल फिरला, त्यात मूळ वाक्य असं होतं की ७५ पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. पुढे ढकलता ढकलता दुर्बीण गळाली. उरलं ते ‘२७ ऑगस्टला आकाशात दोन चंद्र’. तो मेसेज त्यानंतरही कितीतरी वर्षं ऑगस्ट आला की फिरत राहिला, सालही नसायचं त्यावर. म्हणून विज्ञानाची बातमी आली की आधी तारीख बघावी आणि मग आकडा कशाचा आहे ते बघावं.

‘शास्त्रज्ञांचा दावा’ या मथळ्याचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला विजेला शून्य विरोध करतो, असा दावा केला. तो लेख इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच जाहीर केलेला मसुदा होता. काही आठवड्यांत बऱ्याच प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला, त्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही होती, आणि दावा टिकला नाही. विज्ञान असंच चालतं आणि ते चांगलंच आहे. पण पहिल्या दिवशीचा मथळा सगळ्यांपर्यंत पोचला, दुसरी बातमी फारशी कुणापर्यंत पोचली नाही.

टक्केवारीबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत वाढली आणि मग काही दिवसांतच जवळजवळ शून्य झाली. ‘यांनाच काही कळत नाही’ अशा प्रतिक्रिया आल्या. प्रत्यक्षात निरीक्षणं वाढत गेली तसा तो जाऊ शकेल असा पट्टा अरुंद होत गेला. पट्टा अरुंद होतोय आणि पृथ्वी अजून त्याच्या आत आहे, तोवर टक्केवारी वाढणारच. पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली की टक्केवारी एकदम खाली येणार.

हेच कोडं तासगावच्या द्राक्षबागेत दर वर्षी पडतं. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, ओलाव्याने येणाऱ्या डाउनी या रोगाची भीती. परवा एका बागायतदार दादांनी फोन पुढे केला. “ह्यात ६० टक्के दाखवतंय बघा. म्हंजे साठ टक्के बाग भिजणार का दिवसातला साठ टक्के वेळ पाऊस पडणार?” दोन्ही नाही. आपल्या ठिकाणी त्या वेळात मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता १०० मध्ये ६०, एवढाच त्याचा अर्थ. किती पडणार हे त्यात नसतं. नुसती भुरभुर झाली तरी तो अंदाज खरा ठरतो. पाऊस किती ते मिलिमीटरच्या आकड्यात असतं, आणि फवारणीचा निर्णय टक्के आणि मिलिमीटर दोन्ही बघूनच घ्यावा.

दुसरं म्हणजे हे अंदाज बागेगणिक नसतात. मे २०२५ पासून भारतीय हवामान विभाग वापरत असलेल्या नव्या प्रणालीतही एक चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधी तो १२ चा होता. ६ किलोमीटरचा चौकोन म्हणजे जवळपास ८,९०० एकर. एवढ्या रानाला एकच आकडा, मग चौकोनाच्या एका टोकाला कोसळत असो आणि दुसऱ्या टोकाला ऊन असो. चारपाच दिवसांपुढचा अंदाज मजूर आणि औषध यांची तयारी करण्यापुरता धरा. फवारणीच्या दिवशी मात्र हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा बघा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मराठीत आहे. जत, आटपाडीकडे उघड्या माळावर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असायलाच हवं.

इशाऱ्याचा आवाज बंद करणं

२०२३ मध्ये सरकारने मोबाइलवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली. फोन अचानक मोठ्याने वाजला, थरथरला, स्क्रीनवर ठळक मेसेज आला. तो चाचणीचा मेसेज आहे हे त्यातच लिहिलेलं होतं, तरी अनेकांनी फोन हॅक झाला असं समजून ही सोय बंद करायचा रस्ता शोधला. सांगलीत तरी हे करू नये. हा इशारा टॉवरच्या परिसरातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, त्याला इंटरनेट लागत नाही, नंबर नोंदवावा लागत नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हाचे व्हिडिओ आजही पावसाळा आला की नवे म्हणून फिरतात, आणि कोयनेतून सोडलेल्या पाण्याचे आकडे तारखेशिवाय पसरतात. व्हिडिओत तारीख आणि पातळी दोन्ही नसेल तर तो पुढे पाठवू नका. जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे विभाग पुराच्या दिवसांत फूट आणि क्युसेकचे आकडे वेळेसकट देतात, ते बघा. फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी अलर्ट’ लिहिलं की हा पर्याय सापडतो. बंद असेल तर जूनच्या आत चालू करा, आणि आजी-आजोबांचा फोनही त्याच वेळी हातात घेऊन तपासा.