वोल्वेंडालची वही उघडण्याआधी

श्रीलंकेतल्या बर्गर (तिथे स्थायिक झालेल्या युरोपीयांच्या वंशजांच्या) घराण्याचा डच मूळपुरुष शोधायचा असेल, तर कोलंबोचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा. आधी घरातल्या वयस्कर माणसांकडून आजी-पणजींची माहेरची आडनावं आणि गावं लिहून घ्या. शोध आपल्यापासून सुरू करून एकेक पिढी मागे न्यायचा. ‘आमचा पूर्वज गव्हर्नर होता’ ही कथा तूर्त बाजूला राहू द्या.

डचांनी कोलंबो १६५६ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलं आणि १७९६ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. हा काळ समोर ठेवा. ज्याच्या नोंदवह्या बघायच्या, ते कोलंबोतलं डचांचं वोल्वेंडाल चर्च १७५७ चं. तिथल्या काही थडग्यांचे दगड मात्र त्याहून जुने, कारण ते १८१३ मध्ये किल्ल्यातून आणले गेले. डच बर्गर युनियनच्या नियतकालिकात १९०८ पासून अनेक घराण्यांच्या वंशावळी छापल्या गेल्या, त्याही चाळून घ्या. पण मूळ नोंदीशी ताडल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

आडनावाची शक्य तितकी रूपं कागदावर उतरवा. लिहिणारा कानाला आलं तसं लिही. एफ आणि व्ही, सी आणि के सर्रास बदलतात. महिन्यांचाही घोळ आहे: सातच्या आकड्यापुढे ‘बर’ दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर.

बाप्तिस्म्याची नोंद सापडली की आईवडिलांची नावं टिपून लोक पुढे सरकतात. थांबा. साक्षीदार उतरवून घ्या, प्रत्येक मुलाच्या वेळचे. ते बहुधा आजी-आजोबा, काका, मावशी असतात, आणि आईचं माहेर नोंदीत नसेल तर तिथूनच कळतं. आई ‘फान बेंगालेन’ (म्हणजे ‘बंगालची’) अशी नोंदलेली असेल, तर ती गुलाम म्हणून आणलेली किंवा पुढे मुक्त झालेली बाई असू शकते. घरच्यांना ते ऐकवायची तयारीही ठेवा.

लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचं जन्मगाव मिळालं, तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारवह्या बघा. अठराव्या शतकातल्या वह्यांची सूची ऑनलाइन आहे: नाव, गाव, जहाज, नोकरी कशी संपली. गाव नेदरलँड्समधलं निघालं, तर १८११ पूर्वीची चर्चची पुस्तकं तिथल्या प्रांतिक किंवा नगर अभिलेखागारात शोधा. कंपनीत जर्मन शिपाई ढिगाने होते, त्यामुळे गाव जर्मनीतलं निघालं तर डच पुस्तकं मिटून तिथल्या चर्चकडे वळा.