रुग्णालयाच्या बिलानंतरचा खर्च : अचानक लुळ्या पडलेल्या लहान मुलाच्या पुनर्वसनासाठी निधी कसा उभारावा

माझी भाची चार वर्षांची असताना तिला जीबीएस, म्हणजे गियाँ बारे सिंड्रोम, हा आजार झाला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात. आधी जुलाब झाले, ते थांबले आणि आठवड्याभराने एका सकाळी पलंगावरून उतरताना ती खाली बसली ती उठेचना. तिसऱ्या दिवशी ती पुण्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होती. त्या पंधरा दिवसांत आमच्या गावाने, भावकीने आणि दाजींच्या कारखान्यातल्या कामगारांनी जी मदत केली ती आम्ही कधी विसरणार नाही. परंतु मूल घरी आले, बातमी जुनी झाली आणि खऱ्या अर्थाने लांबलचक खर्च सुरू झाला, तेव्हा पुन्हा हात पसरायला आमच्याकडे तोंड उरले नव्हते. ही चूक दुसऱ्या कोणत्याही घराकडून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे. लुळेपणा जीबीएसमुळे आला असो, मज्जारज्जूला सूज आल्याने आला असो वा अपघाताने, पैशाच्या बाबतीत पुढचे बहुतेक सगळे तसेच लागू पडते.

सर्वांत आधी हे समजून घ्यावे की उपचार आणि पुनर्वसन हे दोन वेगळे खर्च आहेत आणि त्यांची मागणीही वेगळी करावी लागते. उपचाराचा खर्च एकदम आणि मोठा असतो. जीबीएसमध्ये शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिन या प्रतिपिंडांच्या औषधाची एकूण मात्रा सामान्यतः वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम असते, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ३० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या सहा बाटल्या. शिवाय श्वसनाचे स्नायू दुबळे झाले तर व्हेंटिलेटर. पुनर्वसनाचा खर्च मात्र महिन्याला थोडाथोडा आणि दीर्घकाळ चालतो. याचे कारण शरीरातच आहे. मज्जातंतूचे केवळ आवरण बिघडले असेल तर सुधारणा तुलनेने लवकर दिसते, पण तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून पाहिले की आपल्याला महिन्यांचा नव्हे तर दीड-दोन वर्षांचा हिशेब का करावा लागतो, हे कोणालाही पटते. देणगीदारांना हे याच शब्दांत सांगावे. "अजून किती दिवस लागणार?" या प्रश्नाचे हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

आवाहन लिहिण्यापूर्वी हक्काचे जे आहे ते मिळवावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसह एकत्रित राबवली जाते आणि तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. या योजनेत सामील असलेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा योजनेचा मदतनीस बसतो; शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन दाखल होण्याच्या दिवशीच त्याला भेटावे, कारण पूर्वमान्यता उपचार चालू असताना मिळते, बिल भरून झाल्यावर नव्हे. रुग्णालय या योजनेत नसेल, तर ते धर्मादाय आहे का, हे विचारावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या वेळी या रुग्णांकडून अनामत रक्कम मागता येत नाही. तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विनंतीला तोंडीच नकार मिळतो.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, तपासण्यांचे अहवाल आणि मूल लहान असल्यास आईचे आधार कार्ड लागते. रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि आधीच केलेल्या खर्चाची प्रतिपूर्ती होत नाही. म्हणून घरातल्या एकाने रुग्णालयात थांबावे आणि दुसऱ्याने त्याच दिवशी तहसील कचेरी गाठावी. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुंबईच्या श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासासारख्या संस्थाही गंभीर आजारांत वैद्यकीय मदत करतात. प्रत्येक ठिकाणी मूळ अंदाजपत्रक मागतात, त्यामुळे ते सही-शिक्क्यासह चार-पाच प्रतींत मागून घ्यावे.

एक गोष्ट पैशाची नाही, पण पैसे देणारे ती हमखास विचारतात : "पोलिओ तर नाही ना?" भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला, तरीही १५ वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला की त्याची सरकारकडे नोंद होते आणि शौचाचे दोन नमुने तपासले जातात. ही नित्याची पाळत आहे. त्यामुळे घाबरू नये आणि नमुने देण्यास टाळाटाळ करू नये.

आता पुनर्वसनाचा अंदाज. सरकारी योजनांची पॅकेजे मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांसाठी असतात; घरी आल्यावरची रोजची फिजिओथेरपी त्यांत क्वचितच बसते. खासगी विमा असेल तर रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरच्या ६० किंवा ९० दिवसांच्या खर्चाची तरतूद पॉलिसीत आहे का, हे पाहावे आणि फिजिओथेरपी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावी. त्यानंतर फिजिओथेरपिस्टसमोर वही घेऊन बसावे आणि पुढील सहा महिन्यांचा तक्ता त्यांच्याकडूनच मांडून घ्यावा. आमचा तक्ता असा होता : आठवड्याला सहा दिवस फिजिओथेरपी, एका वेळचे ५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १३,००० रुपये; आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे जेवणे, कपडे घालणे अशी रोजची कामे करायला शिकवणारे उपचार; गावातून तालुक्याला जाण्या-येण्याचा रिक्षाखर्च; आणि घोट्याला आधार देणारे प्लास्टिकचे स्प्लिंट, ज्याला सगळे एएफओ म्हणतात. ते एकदा घेतले की झाले, असे आम्हाला वाटले होते. पण मुलाचे पाऊल वाढते. एके दिवशी तिच्या टाचेच्या वर तांबडा वळ दिसला, पट्ट्याचा वेलक्रो टोकाशी जेमतेम चिकटत होता, आणि थेरपिस्ट म्हणाल्या की हे आता लहान झाले, नवे माप द्या. लहान मुलाच्या बाबतीत प्रत्येक साधन काही महिन्यांनी बदलावे लागते, हे तक्त्यात आरंभीच धरावे. आणखी एक रक्कम लोक लिहायला लाजतात, ती म्हणजे आईची बुडालेली मजुरी. माझ्या बहिणीने आठ महिने काम सोडले होते. ती रक्कम निःसंकोचपणे लिहावी, कारण दिवसातले बाकीचे व्यायाम तीच करून घेत असते.

या तक्त्यातून जे फुकट मिळू शकते ते वजा करावे. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांना मोफत थेरपी मिळते. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था केंद्र सरकारची असून तेथे साधने बनवण्याची कार्यशाळाही आहे. दुर्बलता बराच काळ टिकणार असे डॉक्टरांचे मत असेल तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी, अर्ज करावा. सुधारणेची शक्यता असताना ठराविक मुदतीचे प्रमाणपत्रही देता येते, त्यामुळे "प्रमाणपत्र घेतले म्हणजे आशा सोडली" असे आजी-आजोबांना वाटत असेल तर त्यांची समजूत घालावी. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ही दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून ती मागावी.

उरलेल्या रकमेसाठी आवाहन करावे. त्यासाठी स्वतंत्र बचत खाते उघडावे, घरखर्चाच्या खात्यात देणगी घेऊ नये. आई किंवा वडील आणि नात्याबाहेरची एक विश्वासू व्यक्ती, शक्यतो गावातल्या शिक्षिका किंवा पतपेढीचे व्यवस्थापक, अशी दोन नावे खात्यावर असली की लोकांचा विश्वास बसतो. मात्र दोघांच्या सह्या बंधनकारक असलेल्या खात्यावर यूपीआय चालेलच असे नाही, ते बँकेत विचारावे; चालत नसेल आणि यूपीआय हवे असेल तर दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशा पद्धतीने खाते उघडावे आणि दर आठवड्याला पासबुकाचे पान सर्वांना दाखवावे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम भेट म्हणून आली तर ती सामान्यतः करपात्र ठरते, म्हणून मोठ्या देणगीदारांना थेट रुग्णालयाच्या किंवा थेरपी केंद्राच्या नावे पैसे भरण्यास सांगावे, नाहीतर नोंदणीकृत न्यासामार्फत ते घ्यावेत, आणि चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला आरंभीच घ्यावा. देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती, जिला ८०-जीची पावती म्हणतात, ती फक्त मान्यताप्राप्त न्यासच देऊ शकतो. कुटुंबाने तसे आश्वासन देऊ नये. परदेशातील मराठी मंडळींकडून मदत येणार असेल तर देणाऱ्याचे पारपत्र विचारावे लागते : भारतीय नागरिकाने तिथल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत, परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीचे पैसे परकीय देणग्यांवरील कायद्याच्या (एफसीआरए) कक्षेत येऊ शकतात. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारखी लोकवर्गणी गोळा करणारी संकेतस्थळे दूरवर पोहोचतात. त्यांचे शुल्क आणि पैसे काढण्याच्या अटी आधी वाचाव्यात.

आवाहनात रडगाणे नसावे आणि आकडा मोघम नसावा. आम्ही दुसऱ्या वेळी पाठवलेला मजकूर असा होता :

"आमची चार वर्षांची मुलगी जीबीएसमधून वाचली आहे. आता ती आधाराने बसते. उभे राहण्यासाठी तिला आणखी किमान सहा महिने रोज फिजिओथेरपी लागेल. महिन्याचा खर्च २२,००० रुपये आहे, त्यांपैकी ९,००० आम्ही भरतो. उरलेल्या १३,००० साठी दरमहा ५०० रुपये देणारी २६ माणसे हवी आहेत. डॉक्टरांचे पत्र आणि तक्ता सोबत आहे. हे आवाहन ३१ मार्चपर्यंतच आहे. त्यानंतर पैसे पाठवू नयेत."

पहिल्या वेळी आम्ही "सढळ हाताने मदत करा" असे लिहिले होते आणि लोकांनी एकदाच दिले. या वेळी २६ माणसे नऊ दिवसांत मिळाली, कारण ५०० रुपये दरमहा हा आकडा पगारदार माणसाला झेपतो आणि आपण सव्विसांतले एक आहोत, हे त्याला कळते. तारीख लिहिणे अत्यावश्यक आहे. जुने आवाहन व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरत राहते आणि त्यातला क्यूआर कोड बदलून लुबाडणारेही असतात.

छायाचित्राबद्दल माझे मत ठाम आहे. नाकात नळी घातलेल्या मुलाचा फोटो लावू नये. तो फोटो मूल शाळेत जाईल तेव्हाही कोणाच्या तरी फोनमध्ये असेल. पाठमोरा फोटो, स्प्लिंटमधले पाऊल किंवा तिने काढलेले चित्र पुरेसे असते. पूर्ण नाव, शाळा, घराचा पत्ता देऊ नये. खरेपणा पटवण्यासाठी डॉक्टरांचे पत्र असते, मुलाचा चेहरा नव्हे.

हिशेबासाठी आपल्याकडे लग्नातल्या आहेराची वही असते, तशीच वही घालावी : तारीख, नाव, गाव, रक्कम, आणि एक रकाना "मदत की उसने" असा. हा शेवटचा रकाना सोडू नये. रुग्णालयाच्या जिन्यात कोणी मुठीत दहा हजार कोंबतो, तेव्हा दोघेही काही बोलत नाहीत; सहा महिन्यांनी मात्र एकाला ती मदत वाटते आणि दुसऱ्याला उसने. आमच्याकडे अशा एका रकमेवरून दाजी आणि त्यांचे चुलते वर्षभर बोलत नव्हते. पैसे घेतानाच "मामा, हे उसने लिहू का?" असे सरळ विचारावे. कोणी रागावत नाही.

गणेश मंडळ, यात्रा कमिटी, महिला बचत गट, साखर कारखान्याची कामगार संघटना, दहावीच्या बॅचचा ग्रुप यांच्याकडे जाताना पालकांऐवजी मामा, आत्या किंवा शेजारी यांनी जावे. आईबापांनी मुलाजवळ असावे. मंडळाला गणपतीच्या आधी दोन महिने भेटावे, वर्गणीचे अंदाजपत्रक ठरल्यावर नव्हे. ज्यांना पैसे देता येत नाहीत त्यांच्याकडे काम मागावे : आठवड्यातून एकदा थेरपीला सोडणारा शेजारचा दुचाकीवालाही महिन्याचे काही शे रुपये वाचवतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देणाऱ्यांना चार ओळी पाठवाव्यात : किती आले, किती खर्च झाले, मुलाला नवीन काय जमले. सुधारणा झाली नसेल तर तसे लिहावे. एका महिन्यात आम्ही लिहिले होते की या वेळी काही फरक नाही, फक्त तिने उजव्या पायाचा अंगठा हलवला. त्या निरोपाला सर्वांत जास्त उत्तरे आली.

ठरलेल्या मुदतीला खाते बंद करावे किंवा मुदत वाढवण्याचे कारण नव्या डॉक्टरी पत्रासह कळवावे. क्यूआर कोड रद्द करावा, शेवटचा हिशेब पावत्यांसह पाठवावा, आणि रक्कम उरलीच तर देणाऱ्यांना विचारून ती त्याच थेरपी केंद्रातील दुसऱ्या मुलाच्या नावे भरावी. लहान झालेली स्प्लिंट मापाची असल्याने ती सहसा दुसऱ्याला होत नाहीत, पण वॉकर आणि उभे राहण्याची चौकट होते. ती धुऊन, पट्टे बदलून केंद्रात नेऊन द्यावी.