लोकलमधून बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा डाव

लोकलमध्ये रेंज गेली की व्हिडिओ अडकतो आणि नेमकी चाल हुकते.

1. व्हिडिओ सोडा. लिचेस या बुद्धिबळाच्या मोफत साइटवर ‘ब्रॉडकास्ट’मध्ये डाव उघडा, नुसत्या चाली येतात, डेटा किरकोळ लागतो.
2. इंजिन, म्हणजे सर्वोत्तम चाल सुचवणारा प्रोग्रॅम, बंद करा. ते बॅटरी खातं, डोकं चालवायची मजाही.
3. घड्याळावर नजर ठेवा. सिंगापूरला 2024 मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्या 40 चालींसाठी प्रत्येक खेळाडूला 120 मिनिटं होती, दर चालीला 30 सेकंदांची भर 41व्या चालीपासून. त्यामुळे खरी तारांबळ तिशीनंतरच्या चालींत. तेव्हा डाव आपल्याकडच्या दुपारी अडीचला सुरू व्हायचा. दोघांनी वेळ पुरता वापरला तर चाळिसावी चाल साडेसहाच्या सुमाराला, म्हणजे ऐन गर्दीत!

दारात उभं राहून मात्र फोन काढू नका. चाली नंतरही सापडतात.